बसला वाट हवी, मग थांब्यापर्यंत चालत येणाऱ्याला वाट कोण देणार?

सातारारोडवाला (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी पुण्यात कात्रजच्या बाजूने स्वारगेटला आणि तिथून पुढे शिवाजीनगरला बसने जातोय. मासिक पास, पाठीवर सॅक, ठरलेली वेळ. त्यामुळे बसच्या बाजूने बोलायची मला सवय आहे. पण आज थोडं वेगळं लिहायचंय.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या काकू रस्त्याच्या मधल्या बसथांब्याकडे जाताना पडल्या. मी त्यांच्यामागे दहा-बारा पावलांवर होतो. गाड्यांना लाल सिग्नल होता, सगळं थांबलेलं. झेब्र्यावरच एक टेम्पो उभा, त्याच्या शेजारी रिक्षा. काकू त्या दोघांच्या फटीतून तिरक्या होऊन निघाल्या आणि बसमार्गाच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मधल्या लेनच्या, कडेला आल्या. बस जिकडून येते तिकडे त्यांनी नीट पाहिलं. रस्ता रिकामा होता. पाऊल टाकलं आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे बसमार्गातून उलट्या दिशेने आलेल्या मोटारसायकलच्या हँडलमध्ये त्यांची कापडी पिशवी अडकली. काकू हातावर पडल्या. पिशवीतला डबा उघडून पोहे रस्त्यावर सांडले. गाडीवाला थांबला नाही. मागून आलेल्या बसच्या ड्रायव्हरने बस आडवी लावून जागा अडवली, कंडक्टरताई खाली उतरल्या आणि आम्ही दोघांनी काकूंना उचलून कठड्यावर बसवलं. मनगट मोडलं. खुबा वाचला, हे नशीब.

काकूंची चूक कुठे झाली, हे मी त्या दिवसापासून शोधतोय. मला ती सापडत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे अशा राखीव लेनमधून चालणारी बससेवा, सुरू झाली. सुमारे सोळा किलोमीटर. त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं होतं, त्याचा गाभा असा की रस्त्यावर वाहनांना नव्हे, माणसांना पुढे न्यायचं. इतकी वर्षं झाली, आणि पुण्यात बीआरटीवर जेवढ्या चर्चा मी वाचल्या त्या सगळ्या मिनिटांवर अडकतात. बसची किती वाचली, गाडीवाल्याची किती गेली. पण बसने जाणारा प्रत्येक माणूस जाताना आणि येताना पायी चालणाराच असतो. त्याला थांब्यापर्यंत सुखरूप पोचता येत नसेल, तर मधली मोकळी लेन हा त्याच्या वाटेतला आणखी एक धोका ठरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बसला प्राधान्य आणि चालणाऱ्याची सुरक्षितता ही दोन वेगवेगळी कामं नाहीत. एकाच निविदेत, एकाच नकाशावर, एकाच दिवशी व्हायला हवीत. लेन आधी आणि क्रॉसिंग नंतर कधीतरी, असं झालं की लेनही जाते आणि माणूसही.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? काय केल्याने फरक पडलेला पाहिलाय?

---

विमाननगरी

काकूंना लवकर बरं वाटो. पण मी विरोधी बाजू मांडतो, राग मानू नका. नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काढायला लागले तेव्हा मला बरं वाटलं होतं. रोज दोन लेनमध्ये आम्ही धूर खात उभे आणि शेजारची लेन मोकळी. समोर मोकळी जागा दिसते आणि वापरायची नाही, हे माणसाला फार काळ जमत नाही. घुसखोरी करणारे सगळे गुंड नसतात, ऑफिसला उशीर झालेले साधे लोक असतात.

---

चौकाचा अभियंता

विमाननगरी, तुमचा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, म्हणून हिशेब मांडतो. वाहतूक नियोजन हाच माझा व्यवसाय आहे.

सिग्नल हिरवा असताना एका लेनमधून तासाला साधारण १८०० मोटारी जाऊ शकतात. निम्मा वेळ हिरवा मिळाला तर ९००. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, म्हणजे तासाला १३५० माणसं. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस गेली आणि बसमध्ये ५० माणसं असली, तर तासाला ३०००. दोन बसच्या मधला मिनिटभर ती लेन रिकामी दिसते. रिकामी दिसणं आणि वाया जाणं यात फरक आहे.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बस आठ मिनिटांनी एक येत असेल तर तासाला सात-आठ बस, म्हणजे जेमतेम चारशे माणसं. मग तुमचा राग बरोबर ठरतो. लेन आखायची आणि बस वाढवायच्या नाहीत, ही अर्धी योजना. लोकांनी लेन मोडली असं आपण म्हणतो, पण पुरेशा बस नसलेली लेन मुळात टिकूच शकत नाही.

बस वाढवायला दर वेळी खरेदीच करावी लागते असंही नाही. एका मार्गावर जाऊन-येऊन शेवटच्या स्टॉपच्या विश्रांतीसकट १२० मिनिटं लागत असतील, तर दर दहा मिनिटांना बस द्यायला १२ बस लागतात. चौकांत बसला वाट मिळून ती फेरी १०० मिनिटांवर आली, तर १० बस पुरतात. उरलेल्या दोन बस त्याच मार्गावर ठेवा, बस आठ-साडेआठ मिनिटांनी येईल. ड्रायव्हर तेवढेच, डिझेल किंवा चार्जिंगचा खर्चही थोडाच वाढेल.

---

जुनं स्टिअरिंग

मी एकतीस वर्षं शहरबस चालवली. आता निवृत्त. मोबाईलवर टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

साहेब लोक लेनबद्दल बोलतात, मी स्टॉपबद्दल बोलतो. बसबे म्हणजे फुटपाथ कापून बसला आत घ्यायला केलेली जागा. कागदावर छान. मी आत गेलो, माणसं उतरली-चढली, टिंग टिंग झालं, उजवा इंडिकेटर दिला. आता कोण थांबणार? कोणी नाही. मागून एकामागे एक दुचाकी. थोडं नाक बाहेर काढलं की शिव्या. मग पुढच्या वेळी ड्रायव्हर काय करतो? आत जातच नाही, दुसऱ्या लेनमध्येच थांबतो. आणि बसबेमध्ये रिक्षा उभ्या असतील तर आत जाताही येत नाही. मग म्हातारी माणसं, शाळेची पोरं रस्त्यावर उतरून पळत येतात आणि बस व फुटपाथ यांच्या मधून दुचाकी घुसते. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त भीती मला या फटीची वाटायची. दार उघडताना मी डावा आरसा दोनदा बघायचो.

दुसरी गोष्ट. बसच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याशी खाली कोणी उभं असेल तर ड्रायव्हरला दिसत नाही. मोठ्या गाड्या चालवलेल्यांना हे माहीत आहे, दुचाकीवाल्यांना नाही. सिग्नलला येऊन बरोबर त्याच कोपऱ्यात उभे राहतात. मी डावीकडे वळणार आहे आणि तो सरळ जाणार आहे.

तिसरी. कट मारणं. ताशी ४० ने बस जाते म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. बस १२ मीटरची. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच जवळजवळ एक अख्खी बस पुढे गेलेली असते. बाहेरचा वाचवायला करकचून दाबला तर आतली उभी माणसं पडतात. एकदा एक आजी दांड्यावर आपटून दात पडले. ज्याने कट मारला त्याला आजन्म कळणार नाही. मला अजून त्या आजींचं तोंड आठवतं.

---

टॅम्पिनीसची

जुनं स्टिअरिंग काका, तुमचं वाचून राहवलं नाही. मी सिंगापूरला चौदा वर्षं आहे, मूळची सातारची. तुम्ही म्हणता ती अडचण इथेही होतीच. त्यांनी २००८ साली एक साधी गोष्ट केली. बसबेच्या तोंडाशी रस्त्यावर पिवळी चौकट आखली आणि तिच्या अलीकडे छोटे त्रिकोण. बस बाहेर निघत असेल तर मागच्याने त्रिकोणापाशी थांबायचं, हा नियम. सौजन्य म्हणून नाही, न थांबल्यास दंड.

बसलेनही सगळ्या दिवसभर नसतात. साध्या लेनला पिवळी रेघ, ती आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ फक्त बससाठी. पिवळीबरोबर लाल रेघ असली तर ती दिवसभराची. बाकी वेळ लेन सगळ्यांची. १९७४ पासून इथे बसलेन आहेत, हे सगळं एका रात्रीत झालेलं नाही. विमाननगरी म्हणतात तो मोकळ्या लेनचा राग यामुळे बराच कमी होतो असं मला वाटतं.

एक मात्र सांगते. माझी आई इथे येते तेव्हा ती एकटी बसने फिरते. पुण्यात ती एकटी बसने जात नाही. लेनचं तिला काही माहीत नाही. क्रॉसिंगवर हिरवा माणूस लागला की वळणारी गाडी थांबते, एवढं तिला पुरतं.

---

विमाननगरी

ठराविक वेळेची लेन हे मला पटण्यासारखं आहे. आणि काका, डावा कोपरा मला खरंच माहीत नव्हता. मी रोज तिथेच उभा राहतो.

---

सातारारोडवाला

जर्मनीतही असंच आहे. ठरलेल्या मार्गावरची बस थांब्यावरून निघत असेल तर तिला निघू द्यावं लागतं, गरज पडल्यास थांबून. धोक्याचे दिवे लावून बस थांब्यावर उभी असेल, तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी चालण्याच्या वेगानेच पुढे जायचं. म्हणजे माणूस उतरतोय, पळत येतोय, हे कायद्यानेच गृहीत धरलंय. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड आला. थांब्यावरून निघणाऱ्या बसबद्दल असं ठळक, लोकांना ठाऊक असलेलं काहीच नाही. पाटी नाही, रेघही नाही.

---

यमुनापार

दिल्लीहून. आमच्याकडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुण्याने यातून शिकावं. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बसमार्ग २००८ साली सुरू झाला. पहिल्या दिवसापासून टीका. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१२ मध्ये याचिका फेटाळली, बसमार्ग वैध ठरला. तरी २०१६ मध्ये तो तोडला. न्यायालयात जिंकून रस्त्यावर हरला.

मी त्या मार्गावर रोज जायचो. बसमध्ये बसल्यावर वेळ खरोखर वाचायचा. पण बसचे प्रवासी वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत नव्हते, मोटारवाले लिहीत होते. पुढे एप्रिल २०२२ पासून इथे डाव्या लेनची मोहीम निघाली. बस आणि मालगाड्यांनी डाव्या लेनमध्येच चालायचं, दुसऱ्या कोणी तिथे गाडी उभी करायची नाही, आणि लेन सोडणाऱ्या बसड्रायव्हरलाही दंड. हे मला महत्त्वाचं वाटलं. शिस्त फक्त इतरांना लावली तर लोक ऐकत नाहीत.

---

निगडीवाली

पिंपरी-चिंचवडकडून चांगली बातमी सांगते. आमच्याकडे बीआरटी चालू आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. निगडी-दापोडी मार्ग बांधून कितीतरी वर्षं पडून होता. जुना मुंबई-पुणे हमरस्ता, मधल्या लेनमधून गाड्या सुसाट, आणि थांबे मध्येच. सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आयआयटी मुंबईकडून सुरक्षा तपासणी झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस सुरू झाल्या. तेव्हा उशीर झाला म्हणून मीही चिडले होते. आज वाटतं, तपासणी करूनच सुरू झालं हे योग्य झालं.

तरी एक तक्रार आहे. रात्री साडेनऊला मी मधल्या थांब्यावर उतरते. बस निघून जाते, थांब्यावर मी एकटी. समोर दोन लेन वेगवान, मग कठडा, मग सेवा रस्ता. एखाद्या थांब्याचे दिवे बंद असतात. सिग्नल रात्री नुसता पिवळा लुकलुकत असतो, म्हणजे चालणाऱ्याला हिरवा लागतच नाही. सुरक्षितता म्हटलं की सगळे अपघात म्हणतात. बाईमाणसाला अंधारातला थांबाही त्यातच मोजावा लागतो.

---

चौकाचा अभियंता

निगडीवाली, हा मुद्दा अगदी योग्य. रात्री पिवळा लुकलुकता ठेवायचा असेल तर मधल्या थांब्याच्या चौकात निदान बटण दाबून हिरवा मिळण्याची सोय हवी. बस रात्री अकरापर्यंत असेल तर चालणाऱ्याचा सिग्नलही अकरापर्यंत चालू ठेवावा.

आता काकूंच्या चौकाबद्दल. असा अपघात का होतो, ते जगभरच्या बसमार्गांवर पुन्हा पुन्हा दिसलंय. शेजारच्या लेन तुंबलेल्या आणि बसची लेन मोकळी. चालणारा उभ्या गाड्यांच्या आडून अचानक बाहेर येतो आणि मोकळ्या लेनमधला वाहनचालक वेगात असतो. दोघांना एकमेक दिसत नाहीत. त्यात उलट दिशेची वाहतूक हा सगळ्यात वाईट प्रकार. म्हणूनच बसला मुद्दाम उलट दिशेची लेन देणंही धोक्याचं मानतात. माणूस ज्या बाजूने गाडी येईल असं समजतो, तिकडेच बघतो. काकूंनी तेच केलं. त्यांची चूक तुम्हाला सापडत नाही, कारण ती नाहीच.

उपाय महाग नाहीत. झेब्रा फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यायचा, म्हणजे गाडीला आपोआप वेग कमी करावा लागतो आणि काठी, चाकाची खुर्ची यांना पायरी लागत नाही. थांबारेषा झेब्र्याच्या दोन-तीन मीटर अलीकडे आखायची, म्हणजे उभ्या टेम्पोच्या आडून माणूस दिसतो. बसमार्गाच्या तोंडाशी खांब असे लावायचे की बस जाईल, पण मोटार आत शिरताना विचार करेल. दुचाकी मात्र खांबांनी थांबत नाही, तिथे वॉर्डन किंवा कॅमेराच हवा. थांब्याजवळ बसचा वेगही बांधलेला असावा. रिकामी लेन मिळाली म्हणून बसने थांब्याशेजारून सुसाट जाणं मला मान्य नाही.

आणि वेळ मोजा. चार लेन म्हणजे साधारण १४ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणारा तरुण बारा सेकंदांत पार होतो. ०.८ मीटरने चालणाऱ्या वयस्कर माणसाला साडेसतरा लागतात. बारा-तेराच सेकंद हिरवा असेल तर म्हाताऱ्या माणसाने लाल सिग्नल तोडला असं म्हणू नये, सिग्नलनेच त्याला मध्ये सोडलं.

बसच्या प्राधान्यासाठीही सिग्नलच कामाला येतो. बस चौकाजवळ आली हे यंत्रणेला कळलं की हिरवा पाच-दहा सेकंद लांबवायचा, किंवा लाल थोडा लवकर संपवायचा. झुरिकमध्ये लोकांनी १९७३ साली मतदानात भुयारी रेल्वे नाकारली आणि १९७७ साली ट्राम व बस वेगवान करायला निधी मंजूर केला. मग त्यांनी चौक दुरुस्त केले. आपल्या बसमध्ये जीपीएस आहे, बऱ्याच चौकांत नवे सिग्नल आलेत. दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं आहे. फक्त एक अट: बससाठी लांबवलेले सेकंद चालणाऱ्याच्या हिरव्यातून कापायचे नाहीत. हे लेखी हवं, कारण सर्वांत आधी कात्री तिथेच लागते.

---

जुनं स्टिअरिंग

अभियंता साहेब, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून लावा.

ड्रायव्हरची एक गोष्ट राहिली. वेळापत्रक तीस वर्षांपूर्वीच्या रस्त्याचं आणि ट्रॅफिक आजचा. बस लेट झाली की स्टॉपवर गर्दी वाढते, चढायला वेळ जातो, आणखी लेट. मागची बस रिकामी असते, ती येऊन चिकटते. लोक म्हणतात तासभर एक नाही आणि आता तीन. त्यात शेवटच्या स्टॉपला पाणी प्यायची, लघवीला जायची पाच मिनिटंही जातात. असा माणूस परत फिरताना सिग्नल पकडायला बघतो. मी पण बघायचो. चूकच होती. पण ड्रायव्हरला फेरीत श्वास घ्यायला वेळ दिला तर अपघात कमी होतील, हे मी शपथेवर सांगतो. बसला वाट मिळणं हे ड्रायव्हरच्या डोक्यालाही औषध आहे.

---

टॅम्पिनीसची

काका, तुम्ही नव्या ड्रायव्हरना हे शिकवायला हवं.

---

सातारारोडवाला

इतकं मोकळं लिहिल्याबद्दल सगळ्यांना धन्यवाद. विमाननगरी, तुम्हाला खास. तुम्ही आला नसतात तर आम्ही बसवाले बसवाल्यांशीच बोलत राहिलो असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. तिथून पुढे भुयारी मार्ग कात्रजला पोचेपर्यंत या रस्त्यावर बसच आहे, आणि मेट्रो आल्यावरही थांब्यापर्यंत चालायचंच आहे. म्हणून अख्ख्या शहराची मागणी करत बसण्यापेक्षा आपण एकच चौक घेऊ. काकू पडल्या तो. उचललेला झेब्रा, मागे घेतलेली थांबारेषा, चालणाऱ्याला वीस सेकंद, थांब्याचे दिवे, आणि सकाळी आठ ते अकरा बसमार्गाच्या तोंडाशी वॉर्डन. एवढंच पत्र. त्यासोबत आपली स्वतःची मोजणी जोडायची: तीन तासांत किती माणसं ओलांडतात, किती जणांना मध्येच थांबावं लागतं, किती दुचाकी उलट्या येतात. येत्या शनिवारी सकाळी आठला कोण येईल?

---

विमाननगरी

मी येतो. उलट्या येणाऱ्या दुचाकी मी मोजतो.

---

चौकाचा अभियंता

तक्ता करून आणतो, दर पंधरा मिनिटांचे रकाने. मोजणाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट मोजायची, नाहीतर आकडे चुकतात. टेप पण आणतो, रुंदी अंदाजाने लिहायची नाही.

---

निगडीवाली

सकाळी जमणार नाही, पण रात्री नऊनंतर अर्धा तास थांबून दिव्यांचे फोटो काढून देईन. भावाला घेऊन येते.

---

जुनं स्टिअरिंग

मी येणार. ड्रायव्हरच्या सीटवरून तो झेब्रा कसा दिसतो ते कागदावर काढून दाखवतो.

---

सातारारोडवाला

काल काकूंकडे गेलो होतो, त्यांना हा धागा वाचून दाखवला. शनिवारी त्याही येतो म्हणाल्या. प्लास्टर अजून हातात आहे, म्हणून मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. "तुम्ही सगळे मोजाल," म्हणाल्या, "पण मी नेमकी कुठे थबकते, ते मलाच दाखवता येईल." त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणतोय. फुटपाथवर, टपरीच्या अलीकडे बसू.